ओनेडाची पेटी

लुवेनिया स्टॅलवर्थनं चाळीस वर्षांत चारशे बारा पोरं या दोन हातांवर झेलली होती, पण इतकं हलकं पोर तिच्या हाताला कधी लागलं नव्हतं. सोललेल्या सशाएवढं. कातडी अशी पातळ की आतल्या शिरा मोजाव्यात. ते रडलंही नाही. मांजरीच्या पिल्लासारखं एकदा कुंई केलं आणि गप्प झालं.

"आई, काय झालं?" अंथरुणातून मॉझेलनं विचारलं. मॉझेल ही लुवेनियाची धाकटी. तिला सातवा महिना अजून पुरता सरला नव्हता.

"मुलगी."

"जिवंत आहे ना?"

"मेलेली असती तर वार पडायच्या आत तुला बातम्या सांगत बसले असते का? पड गप्प."

बोलणं करवतीसारखं, पण हात थांबले नव्हते. लुवेनियानं पोरीला गोड्या तेलाचं बोट लावलं, कापसात गुंडाळलं आणि आपल्या झग्याच्या गुंड्या सोडून सरळ उघड्या छातीशी धरलं. मग ती लोखंडी चुलीला पाठ लावून बसली. चुलीच्या भट्टीचं झाकण आडवं उघडलेलंच होतं. त्याच्याकडं मात्र तिनं मान वळवली नाही.

गेल्या वर्षी ह्याच खोलीत मॉझेलचा पहिला मुलगा असाच अपुऱ्या दिवसांचा झाला होता. लुवेनियानं त्याला बुटाच्या खोक्यात घालून त्या झाकणावर ठेवला होता. तिच्या आईनं हेच केलेलं, आजीनंही हेच. पोर एका अंगानं भाजून निघे आणि दुसऱ्या अंगानं गारठे. ती खोकं फिरवत राहिली, लाकूड सारत राहिली, देवाला हाका मारत राहिली. एकतीस तास. शेवटी त्याला पुसताना तिला त्याच्या पाठीवर चट्टा दिसला, लाल, चांदीच्या डॉलरएवढा. तिनं तो कुणाला दिसू दिला नाही. घाईनं गुंडाळलं, घाईनं पुरलं. मॉझेलला वाटलं, पोर देवानंच नेलं.

नदीला पूर होता. पलीकडं नेणारी नाव तीन दिवस झाले बांधून ठेवलेली. मॉझेलचा नवरा हेझकाया पलीकडच्या लाकूडगिरणीच्या छावणीत अडकला होता, त्याला अजून पत्ताही नव्हता. आणि नाव चालू असती तरी काय? पलीकडं जिल्ह्याचं इस्पितळ होतं. तिथं अशा पोरांसाठी काचेची पेटी होती, हे सगळ्या जिल्ह्याला ठाऊक होतं. पण ती वरच्या मजल्यावर. आपल्या काळ्या लोकांच्या खाटा तळघरात, धुण्याच्या खोलीला लागून. लुवेनियानं एकदा असंच एक पोर तिथवर नेलं होतं. पायरीवरच्या गोऱ्या बाईनं "आंटी, पेटी भरलेली आहे," असं सांगितलं. खिडकीतून ती रिकामी दिसत होती.

दार उघडलं आणि थंडीच्या झोताबरोबर ओनेडा आत आली.

ही थोरली. एकतीस वर्षांची, चष्मेवाली, काडीसारखी, बिनलग्नाची. आपल्या लोकांच्या कॉलेजात जाऊन चार वर्षं विज्ञान शिकून आलेली, आणि आता चर्चच्या एकखोली शाळेत शिकवायची. चर्चमागच्या पडवीत तिनं स्वतःच्या हातानं अंडी उबवायची पेटी बांधली होती. आजूबाजूच्या बायका त्या पेटीचं कौतुक करत. लुवेनिया मात्र म्हणे, "पोरीला डॉक्टरीण करायला पाठवली, खुडूक कोंबडी होऊन परत आली."

ओनेडानं मायच्या झग्यात डोकावून पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"शाळेचा तराजू आणलाय," ती म्हणाली. "एकदाच ठेवते. झटकन."

दोन पौंड चौदा औंस. लुवेनियाला तराजू लागत नव्हता, हातानंच कळलं होतं.

"भट्टीपाशी नको, आई."

"मग कुठं ठेवू? तुझ्या पुस्तकात?"

"माझ्या पेटीत."

लुवेनिया हसली, पण ते हसू कोरडं निघालं. "माणसाचं पोर आहे हे. कवच फोडून चिवचिवणार नाही."

"अंड्याला एकशे तीन अंश लागतात. हिला त्र्याण्णव पुरतील. स्क्रू फिरवला की झालं. चारी बाजूंनी सारखी ऊब, एक अंश इकडे नाही की तिकडे नाही. आई, तू तिला अशी किती वेळ धरणार? तुझेच हात गार पडलेत."

ते खरं होतं. अडुसष्ट वर्षांच्या हाडांत ऊब कुठली? आणि मॉझेलचं रक्त इतकं गेलं होतं की तीन गोधड्यांखाली तिचेच दात वाजत होते.

"तुझ्या पेटीत चर्चची अंडी आहेत," लुवेनिया म्हणाली.

"एकशे नव्वद. आज अठरावा दिवस. एकवीसला फुटतील. मी पर्मेलियाबाईंना विचारून आले. त्या म्हणाल्या, मंडळाला विचारल्याशिवाय पेटीला हात लावायचा नाही. पण त्या निघाल्यात इकडंच."

झालं. पर्मेलिया मोझली! चर्चच्या कुक्कुट मंडळाची अध्यक्ष. तिच्या केकला कुत्र्यानंही हुंगून सोडलं, असं तीन वर्षांपूर्वी लुवेनिया भर पंगतीत बोलली होती. तेव्हापासून दोघी एका बाकावर बसत नव्हत्या, एका ओळीत गात नव्हत्या. एकोणीस बायकांनी आपापल्या कोंबड्यांची अंडी जमवून, एकेकावर पेन्सिलीनं खूण करून त्या पेटीत ठेवली होती. त्या पिल्लांवर शाळेची दुसरी खोली उभी राहणार होती. ते सगळं आता पर्मेलियाच्या एका शब्दावर होतं.

ती आली. टोपी, हातमोजे, सगळं घालून. दारातच उभी राहिली.

"लुवेनिया."

"पर्मेलिया."

"तुझी मुलगी म्हणते, एकशे नव्वद अंडी थंडीत काढून ठेवा."

"म्हणते खरी."

"तुझं काय म्हणणं?"

लुवेनियानं आयुष्यात कुणाकडं मिठाचा खडा मागितला नव्हता. धनी मेला तेव्हा शवपेटीच्या फळ्या तिनं स्वतः रंधल्या होत्या. तिच्या जिभेवर दहा टोमणे येऊन उभे राहिले. त्यातला एकेक तिनं गिळला. मग तिनं झग्याची कड बाजूला केली आणि पर्मेलियाला आतलं दाखवलं.

"पर्मेलिया," ती म्हणाली, "माझी नात मरतेय. मला दुसरं काही येत नाही. मला ती पेटी दे."

पर्मेलिया जवळ आली. वाकली. हातमोजा काढून तिनं एक बोट त्या इवल्या पाठीला लावलं.

"एवढं सरळ बोलता येतं होय तुला?" ती हळूच म्हणाली. "तीन वर्षं उगाच वाट पाहिली." आणि ओनेडाकडं वळून कडाडली, "उभी काय राहिलीस! जाऊन घंटा वाजव!"

घंटा ऐकून बायका आल्या. कुणाला वाटलं आग लागली, कुणाला वाटलं बांध फुटला. ओनेडानं पडवीत उभं राहून त्यांना सांगितलं की अठराव्या दिवशी अंड्यात पिल्लाची स्वतःची ऊब असते. एकमेकांना चिकटवून, पांघरून ठेवली तर निभतील. त्यांना फार पटलं असं नाही. पण टोपल्या आल्या, उशा आल्या, गरम विटा आल्या. उरलेली बायकांनी सरळ चोळीत घातली. ऑली मे नावाची भरल्या अंगाची बाई म्हणाली, "दोन डझन माझ्याकडं द्या, जागा भरपूर आहे. नवऱ्याला सांगते, तीन दिवस लांब झोप." बायका हसल्या. हसता हसता डोळे पुसले.

पेटी खेचरगाडीवरून घरात आली.

पाइनच्या दुहेरी फळ्यांची. मधल्या पोकळीत लाकडाचा भुसा. समोर जुन्या तसबिरीची काच. एका बाजूला बाहेर रॉकेलचा दिवा, त्याच्या धुराड्याची ऊब पत्र्याच्या नळीतून आत जाई. आणि त्या सगळ्याचं काळीज म्हणजे आत टांगलेली पितळेची वाटी. दोन पातळ चकत्या कडेनं डाख देऊन जोडलेल्या, पोटात ईथरचे चार थेंब. आत ऊब वाढली की वाटी फुगे, तिच्यावरची काडी वर सरके, काडी पेटीच्या माथ्यावरची लांब दांडी उचले, आणि दांडीच्या टोकाची झाकणी धुराड्यावरून उठे. जास्तीची ऊब बाहेर. गारवा आला की वाटी बसे, झाकणी खाली. पेटी स्वतःची स्वतः सांभाळी. लोकांच्या पेट्यांत असली वाटी असे, पण चार-पाच अंशांचा फरक झाल्याशिवाय ती हलत नसे. ओनेडाची अर्ध्या अंशाला हले. चकत्यांना तिनं पाण्यावरच्या लाटांसारख्या वळ्या पाडल्या होत्या, ती तिचीच युक्ती.

त्या वळ्यांचं चित्र काढून तिनं एकदा उत्तरेतल्या एका कारखान्याला पाठवलं होतं. उत्तर आलं: 'श्रीयुत ओ. स्टॅलवर्थ, ताबडतोब भेटावे.' ओनेडा दोन दिवस गाडीत बसून गेली. दारावरच्या माणसानं तिला झाडूवाल्या बायकांच्या दाराकडं पिटाळलं. ती परत आली. पुढच्या वर्षी त्यांच्या छापील यादीत वळ्यांची वाटी आली, वर कुणा तिसऱ्याचंच नाव. लुवेनियाला ते ऐकून जराही नवल वाटलं नाही. तिच्या बापानं गुलामीत असताना जिल्ह्यातल्या पाणचक्कीचं चाक घडवलं होतं. मालकाचं नाव अजून दगडात कोरलेलं आहे. "डोकं आपलं, पाटी त्यांची," ती म्हणाली होती. "तुला चार वर्षं शिकून कळलं, मला न शिकता ठाऊक होतं." त्या दिवशी तिनं मुलीला जवळ घ्यायला हवं होतं. घेतलं नाही.

ओनेडानं स्क्रू फिरवला, तापमापीकडं बघत तासभर बसली, पुन्हा फिरवला. ओल्या शेवाळाचं ताट आत ठेवलं, नाहीतर पोरीचं नाकतोंड वाळेल म्हणून. त्र्याण्णव झाले, आणि त्र्याण्णवच राहिले. मग लुवेनियानं पोरीला छातीवरून सोडवलं. सोडवताना वाटलं, आपण हिला शवपेटीत ठेवतोय.

मॉझेलचं दूध पिळून ड्रॉपरनं थेंब थेंब. दर दोन तासांनी. शाळेच्या वेळात लुवेनिया बसे, बाकीचा वेळ ओनेडा. ही कधी झोपे ते कुणाला दिसलं नाही. सकाळी एकदा तराजू.

दोन पौंड तेरा. दोन पौंड साडेअकरा. दोन पौंड दहा. ओनेडा आकडा वहीत लिही, आणि लिहिताना तिचा जबडा आवळलेला असे.

"उतरतंय," मॉझेल म्हणे.

"सगळीच पोरं पहिल्यांदा उतरतात," लुवेनिया सांगे. ते खरंच होतं. पण ह्या पोरीत उतरायला होतं काय?

दोन पौंड नऊ. पोरगी आता चोखायचा प्रयत्नही करेना. थेंब ओठावरून ओघळून जाई. मॉझेलनं छताकडं बघत विचारलं, "आई, ह्या वेळीही पुरायला तूच जाशील ना? हेझकायाला जमत नाही." चुलीवरची मक्याची भाकर करपून गेली, तिला वासही आला नाही.

सहाव्या दिवशी सकाळी दोन पौंड साडेआठ. ओनेडा वही मिटून शाळेला गेली. जाताना म्हणाली, "पेटीला काही करू नकोस. नुसती बघत रहा."

नुसती बघत रहा! लुवेनियाला आयुष्यात कुणी असं सांगितलं नव्हतं. सुईण आणि नुसती बघत राहील?

त्या दिवशी उत्तरेचा वारा सुटला. फळ्यांच्या फटींतून शीळ घालत आत येई. बादलीतल्या पाण्यावर पापुद्रा धरला. लुवेनियानं पेटीच्या माथ्यावर हात ठेवला तर फळी गार लागली. आत पोरगी निपचित.

स्टॅलवर्थांच्या घरात एक गोधडी होती. लुवेनियाच्या आजीनं शेतावरच्या फाटक्या पाटलोणींची, कापसाच्या गोण्यांची शिवलेली. घरातलं प्रत्येक पोर पहिल्या आठवड्यात त्या गोधडीखाली निजे. गेलेल्या माणसांच्या घामाचं कापड अंगावर आलं, की पोर घरचं झालं, असं तिची आजी म्हणे. गेल्या वर्षीच्या मुलाला ती मिळालीच नव्हती. बुटाच्या खोक्यावर गोधडी कशी घालणार? त्याची बोच लुवेनियाच्या मनात होती.

तिनं पेटाऱ्यातून गोधडी काढली. दिव्याकडची बाजू सोडून, जळू नये म्हणून नीट मागं सारून, दुहेरी घडी करून पेटीच्या माथ्यावर अंथरली. कडा खोचल्या. काचेतून आत बघून म्हणाली, "घे. आता तू आमची."

मॉझेलला झोप लागली होती. लुवेनिया खुर्चीत बसली. वारा वाजत राहिला. तिचा डोळा लागला नाही, हे ती पुढं शपथेवर सांगत असे, आणि ते खरंच होतं. ती पोरीच्या छातीकडं बघत होती. छाती वरखाली, वरखाली. तोंड लाल झालं. ऊब लागली, बरं झालं, असं तिला वाटलं. मग छाती वर आली आणि खाली गेली, आणि वर आलीच नाही.

तिनं पाच मोजले. दहा मोजले. काचेचं दार ओढून हात आत घातला. आतली हवा भाकरी काढताना भट्टीतून येते तशी तोंडावर आली.

पोरगी तापलेली. ओठ जांभळट काळे. लुवेनियानं तिला तळहातावर घेतलं, तळव्यांना टिचक्या मारल्या. काही नाही. पाठ चोळली. काही नाही. मग त्या तोंडानाकावर मिळून आपलं तोंड ठेवलं आणि गालातल्या गालात जेवढा मावेल तेवढाच श्वास सोडला. मेणबत्ती हलेल पण विझणार नाही, एवढाच. पुन्हा. पुन्हा. जोर झाला तर फुप्फुस फाटतं, कमी झाला तर पोहोचत नाही. हे कुठल्या पुस्तकात नाही, हातातोंडाला येतं. सातवा श्वास. आठवा. 'घेऊ नकोस रे देवा,' ती म्हणत नव्हती. तेवढा वारा तिच्याकडं उरला नव्हता. अकराव्याला पोरीचं अंग आचकलं. कुंई झालं.

लुवेनियानं तिला झग्यात घातलं आणि मटकन खाली बसली.

मग तिची नजर पेटीच्या माथ्यावर गेली. घडीच्या गोधडीखाली लांब दांडी दबलेली होती. तिनं एका हातानं गोधडी ओढली. ओढल्याबरोबर दांडी टण्‌कन उठली, टोकाची झाकणी धुराड्यावरून उडाली, आणि कोंडलेला गरम झोत छताकडं गेला. पेटी इतका वेळ दार ठोठावत होती. तिनंच वर बसून दार धरलं होतं.

लुवेनिया बघत राहिली. सहा दिवस ती त्या पेटीशेजारी बसली होती आणि झाकणी का उठते हे तिनं एकदाही विचारलं नव्हतं. विचारायचं कुणाला? पोटच्या पोरीला?

तिनं गोधडीची घडी घातली, पेटाऱ्यात ठेवली, झाकण लावलं. मॉझेल अजून झोपलेलीच होती.

दुपारच्या सुट्टीत ओनेडा आली. पेटीचं दार उघडं, पोरगी मायच्या झग्यात. तिच्या हातातली पिशवी गळाली.

"श्वास थांबला होता," लुवेनिया म्हणाली. "आला परत."

ओनेडानं पोरीला पाहिलं, मग तापमापी पाहिली. दार उघडं असूनही शंभरावर. ती पेटीसमोर गुडघ्यांवर बसली. आवाज एकदम लहान मुलीसारखा झाला.

"वाटी गेली. माझा डाख सुटला असणार. एकशे पाच, सहा, देव जाणे किती गेलं असेल." तिनं चष्मा काढला. "आई, मी तिला भाजून काढत होते. तू पहिल्या दिवशी म्हणालीस, माणसाचं पोर आहे हे. कोंबडीच्या पेटीत घातलं मी तिला."

मॉझेल जागी झाली होती. कोपरावर उठली.

ओनेडानं खिशातून पेचकस काढला आणि वाटीच्या काडीचा स्क्रू सोडवायला लागली. "भट्टीपाशी ने तिला. तुझं तू कर, आई. तुझंच बरोबर होतं. मी ही फोडून टाकते."

तुझंच बरोबर होतं. चार वर्षं, छे, दहा वर्षं लुवेनिया ह्या मुलीच्या तोंडून हे तीन शब्द ऐकायला टपून बसली होती. आता ते समोर पडले होते. नुसतं गप्प बसायचं होतं. गोधडी पेटाऱ्यात होती. कुणी पाहिलं नव्हतं. आणि भट्टीचं झाकण उघडं होतं, पोरीची वाट बघत.

तिच्या छातीशी पोरीचं हृदय उंदरासारखं धावत होतं.

"पेटीला हात लावू नकोस," लुवेनिया म्हणाली.

"आई, वाटी गेलीय—"

"वाटी चोख आहे. तुझा डाख चोख आहे. मी वर गोधडी टाकली होती. दांडीवर."

पेचकस ओनेडाच्या हातात तसाच राहिला.

"आजीची गोधडी," लुवेनिया पुढं म्हणाली, कारण अर्धं सांगून थांबणं तिला कधी जमलं नव्हतं. "फळी गार लागली म्हणून. काढल्याबरोबर झाकणी उडाली, मी डोळ्यांनी पाहिली. मग मी गोधडी लपवली. तुला सांगणार नव्हते."

"आई," मॉझेल म्हणाली. आवाज अगदी सपाट होता. "गेल्या वर्षी काय झालं होतं?"

"मॉझेल, आत्ता नको," ओनेडा म्हणाली.

"आत्ताच. तू त्याला मला पुसू दिलं नाहीस. का?"

लुवेनियानं चुलीच्या झाकणाकडं पाहिलं. वर्षभरात पहिल्यांदा नीट पाहिलं.

"पाठीवर भाजलं होतं," ती म्हणाली. "एवढं. त्यानं गेला की गारठ्यानं गेला, मला ठाऊक नाही. रोज विचार करते. ठाऊक नाही."

मॉझेल रडली नाही. रडली असती तर लुवेनियाला सोपं झालं असतं.

"पोरगी ओनेडाकडं दे," मॉझेल म्हणाली. "आणि तू ह्या खोलीत यायचं नाही."

"मॉझेल, आजचा श्वास तिनंच आणला परत," ओनेडा म्हणाली. "मला आला नसता."

"म्हणून तर घराबाहेर काढत नाही. खोलीबाहेर काढतेय."

लुवेनियानं गुंड्या सोडल्या, पोरीला ओनेडाच्या तळहातांवर ठेवलं आणि एक शब्द न बोलता स्वयंपाकघरात गेली. जे कुणी तिला ओळखतात त्यांना विचारा, ती एक शब्द न बोलता कुठून गेली असं कधी झालं होतं का.

उरलेल्या दिवसात पेटी पुन्हा त्र्याण्णववर आली. पण शाळेच्या वेळात बसायचं कुणी? दुसऱ्या दिवशी पर्मेलिया आली, टोपी काढून, बाह्या सारून. तिच्या टोपलीतल्या अकरा अंड्यांतून पिल्लं निघाली होती, नऊ गार पडली होती. ते तिनं आल्या आल्या सांगून टाकलं आणि पुन्हा विषय काढला नाही. ती पेटीजवळ बसली. लुवेनिया उंबऱ्याअलीकडं, स्वयंपाकघरात, स्टुलावर.

"लुवेनिया," आतून हाक येई, "हिचा श्वास थांबून थांबून येतोय. हे ठीक का?"

"पाच मोज. आला का?"

"आला."

"मग ठीक. दहापर्यंत गेला तर तळव्याला टिचकी. चिमटा नको, टिचकी. आणि तुझे ते दगडी हात आधी गरम करून घे."

"माझ्या हातांचं राहू दे. तुझ्या जिभेवर कुणीतरी गोधडी टाकायला हवी होती."

लुवेनियाला हसू आलं नाही, पण कुणीतरी आपल्याला घालूनपाडून बोलतंय ह्यानं जरा बरं वाटलं. घरातलं कुणी बोलतच नव्हतं.

दोन पौंड आठ. पुढच्या सकाळी दोन पौंड साडेसात. लुवेनिया दारापाशी उभी राहून आकडा ऐके. आत जात नसे. दोन पौंड साडेसहा. ओनेडाचा आवाज दर सकाळी अधिक बारीक होई. दोन पौंड सहा. त्या दिवशी पर्मेलियानंही टोमणा मारला नाही. ओनेडानं दुधाचे थेंब सहाचे आठ केले, मग दहा. पोट फुगलं, तेव्हा पुन्हा आठ. वहीत सगळं लिहीत होती. त्या वहीसारखी वही जगात कुणी कुठं लिहिली असेल तर लुवेनियाला ती ठाऊक नव्हती. तिला वाचताच येत नव्हतं. पण मुलगी लिहिताना ती उंबऱ्यावरून तिच्या मानेकडं बघत बसे. लुवेनियाच्या बापाची मान होती तिची. चाक घडवणाऱ्याची.

अकराव्या दिवशी सकाळी तराजूचं पारडं खाली बसल्याचा आवाज झाला, पण आकडा आला नाही.

लुवेनियानं चौकट धरली. "किती?"

वहीचं पान उलटल्याचा आवाज आला.

"ओनेडा, किती?"

"दोन पौंड सहा," ओनेडा म्हणाली.

"काल किती होतं?"

"दोन पौंड सहाच."

"नीट बघ," मॉझेल अंथरुणातून म्हणाली. "कापूस काढून बघ. पुन्हा ठेव."

पुन्हा पारडं बसलं. पर्मेलिया वाकून जवळ गेली. ओनेडानं चष्मा पुसला, पुन्हा लावला.

"सहाच. उतरलं नाही, मॉझेल. आज उतरलं नाही."

उतरलं नाही म्हणजे चढलं असं नव्हे. ते तिथल्या चौघींनाही कळत होतं. उद्या काय, कुणी सांगावं? कुणी देवाचं नावही घेतलं नाही, न जाणो तेवढ्यानं पारडं हलायचं. लुवेनिया चौकट धरूनच उभी होती. स्टुलावर बसायला पाठ वळवावी लागली असती.

मॉझेलनं तिच्याकडं पाहिलं. पाच दिवसांनी पहिल्यांदा.

"हात मागं घे," ती म्हणाली.

"काय?"

"दोन्ही हात पाठीमागं. बांधून. आणि मग ये, काचेतून बघ. हात पुढं आला तर पर्मेलियाबाई मोडतील."

"आनंदानं," पर्मेलिया म्हणाली.

लुवेनियानं दोन्ही हात पाठीमागं धरले आणि उंबरा ओलांडला.